सही केलेलं क्रिकेट कार्ड कसं पारखावं

आमच्या घरात आजोबांची सह्यांची वही आहे. तळहाताहून थोडी मोठी, आत फिकट गुलाबी, हिरवी, निळसर पानं. आजोबा सायकलवरून इंदूरच्या यशवंत क्लबच्या मैदानावर सामने बघायला जायचे आणि खेळ संपला की खेळाडूंपुढे वही धरायचे. होळकर संघानं १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३ असा चार वेळा रणजी करंडक जिंकला, तो हा काळ. पुढे नव्वदच्या दशकात घरातल्याच कुणीतरी मायेपोटी त्या वहीतलं सगळ्यात भरगच्च पान सोडवलं आणि लॅमिनेशन करून आणलं. पान जपलं जाईल अशी समजूत होती. उष्णतेनं शाई पसरली, डिंकानं कागद पिवळा पडला, आणि आज त्यातली दोन नावं वाचता येत नाहीत. प्लास्टिक सोलायला जावं तर कागदच निघून येतो.

त्या पानामुळे मी या छंदात शिरलो. वीसेक वर्षं झाली, सही केलेली क्रिकेट कार्डं (खेळाडूचं चित्र छापलेली, कंपन्या बंद पाकिटांत विकतात ती), तिकिटं, धावपत्रकं जमवतो आहे. रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर, कुठून कुठून ओळखीची माणसं कार्ड घेऊन येतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "याचे किती येतील?" माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. त्याआधीच्या प्रश्नांची उत्तरं मिळत गेली की किमतीचा अंदाज बराचसा आपोआप येतो. मी ज्या क्रमानं कार्ड बघतो, त्याच क्रमानं पुढे लिहितो आहे.

आधी सहीची जात ओळखा

कार्डावर सही दिसते म्हणजे खेळाडूनं ते कार्ड हातात घेतलं होतं असं नाही. सगळ्यात साधी जात छापील सहीची. कार्डाच्या चित्राबरोबर सहीही छापलेली असते, सजावट म्हणून. छोट्या शोभेच्या बॅटींवर पूर्ण संघाच्या सह्या असतात, त्या बहुतेक अशाच. त्यात फसवणूक काही नाही, पण तिला सही म्हणून किंमतही नाही.

दुसरी जात रबरी शिक्क्याची, तिसरी ऑटोपेनची, म्हणजे यंत्र हातासारखं पेन धरून एकच सही गिरवत राहतं. चौथी सगळ्यात फसवी: सही पेनानंच केलेली, पण खेळाडूऐवजी त्याच्या मदतनिसानं किंवा ड्रेसिंगरूममधल्या दुसऱ्या कुणी केलेली. मोठ्या खेळाडूंकडे टपालाचे गठ्ठे येतात, तेव्हा हे घडतं. वाईट हेतू नसतोही, पण कार्ड मात्र खोटंच ठरतं.

खऱ्या सह्यांमध्येही प्रकार आहेत. कार्ड कंपनी खेळाडूला पारदर्शक स्टिकरांचे ताव पाठवते, तो त्यावर सह्या करतो आणि कंपनी ते कार्डावर चिकटवते. सही खरी, पण खेळाडूचा हात त्या कार्डाला कधी लागलेला नाही. थेट कार्डावर केलेल्या सहीला संग्राहक जास्त मान देतात आणि जास्त पैसेही. तिसरा प्रकार कापून लावलेल्या सहीचा. जुन्या पत्रातली किंवा वहीतली सही कापून नव्या कार्डाच्या खिडकीत बसवलेली असते. दिवंगत खेळाडूची सही कार्डावर आणायला दुसरा मार्ग नसतो हे मला कळतं, पण ज्या पत्रातून ती कापली त्या पत्राचं काय झालं, हा विचार मनातून जात नाही. आजोबांच्या वहीला मी कधी कात्री लावू देणार नाही.

पाकिटातून सही केलेलं कार्ड निघण्याची प्रथा अमेरिकेतल्या बेसबॉलची. १९९० मध्ये अपर डेक या कंपनीनं रेजी जॅक्सन या खेळाडूनं सही केलेली, क्रमांक घातलेली २,५०० कार्डं पाकिटांमध्ये मिसळली. तोवर सही म्हणजे खेळाडूला गाठून मिळवायची गोष्ट होती. तेव्हापासून कंपनीनं हमी दिलेली सही हा वेगळा वर्ग तयार झाला. कंपनीच्या कार्डाच्या मागच्या बाजूला, ही सही खेळाडूनं आमच्यासमोर केली, अशा अर्थाचा मजकूर असतो. तो वाचायचा कंटाळा करू नका. जर्सीचा तुकडा बसवलेलं कार्ड असेल तर दुप्पट लक्ष देऊन वाचा. "सामन्यात वापरलेली", "खेळाडूनं अंगात घातलेली" आणि "कोणत्याही विशिष्ट सामन्याशी संबंध नसलेली" ही तीन वाक्यं दिसायला सारखी, पण किमतीत त्यांच्यात मोठं अंतर आहे.

भिंग घ्या

सराफ्यात सोनार वापरतात ते दहापट मोठं दाखवणारं भिंग या कामाला उत्तम. मोबाईलच्या कॅमेऱ्यानं मोठं करून बघणं पुरत नाही, कारण फोन चित्र आपल्या मनानं गुळगुळीत करतो.

भिंगाखाली छापील सही लगेच पकडली जाते. ऑफसेट छपाई असेल तर रेघ अखंड नसते, निळ्या, गुलाबी, पिवळ्या, काळ्या ठिपक्यांची नक्षी दिसते. इंकजेट प्रिंटरनं छापलेली असेल तर कडेला शाईचे बारीक शिंतोडे असतात. पेनाची रेघ यांच्यापेक्षा वेगळीच. दोन रेघा एकमेकींना ओलांडतात तिथे शाई गडद होते, मार्करमध्ये तर हे फार स्पष्ट दिसतं. बॉलपेन कागदावर चर पाडतो. खोलीतला दिवा बंद करून टॉर्च कार्डाच्या पातळीवर आडवी धरली की ती चर सावलीसारखी उठून दिसते. शिक्क्याच्या सहीत दाब कुठेच कमीजास्त होत नाही आणि शाई रेघेच्या दोन्ही कडांना साचते.

ऑटोपेन ओळखायला थोडा सराव लागतो. रेघेची जाडी सगळीकडे एकसारखी, सुरुवातीला आणि शेवटी पेन टेकल्याचा ठिपका, वळणांवर किंचित थरथर. पण खात्रीचा उपाय वेगळा. त्याच खेळाडूच्या दोन सह्यांचे फोटो एका मापाचे करून एकमेकांवर ठेवा. माणसाची एक सही दुसरीशी तंतोतंत कधीच जुळत नाही. दोन्ही रेघ न रेघ जुळल्या तर निदान एक तरी यंत्राची किंवा नक्कल केलेली आहे.

हातानं केलेली नक्कल पकडायला सहीचा वेग बघायचा. खेळाडूनं हजारो वेळा सही केलेली असते, त्यामुळे त्याचं पेन धावतं. अक्षराची शेवटची शेपटी निमुळती होत हवेत सुटते. नक्कल करणारा चित्र काढत असतो. तो थबकतो, पेन उचलतो, पुन्हा टेकवतो, आणि शेपटी बोथट राहते. सही उलटी धरून बघा. उलटं धरलं की डोळा नाव वाचायचं सोडतो आणि फक्त रेघा बघतो. ही युक्ती मला एका जुन्या बँक कर्मचाऱ्यानं सांगितली. चेकवरच्या सह्या जुळवण्यात त्यांची हयात गेली होती.

मी स्वतः एकदा चांगलाच फसलो आहे. एका भारतीय फलंदाजाचं सही केलेलं कार्ड ऑनलाइन घेतलं, साडेचार हजार रुपयांना. सोबत सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र, चमकता होलोग्राम, कोपऱ्यात क्रमांक. घरी आल्यावर भिंग लावलं तर सहीत गुलाबी ठिपके. विकणाऱ्याचं खातं महिन्याभरात नाहीसं झालं. त्या दिवसापासून प्रमाणपत्र मी कार्ड बघून झाल्यावरच बघतो.

शाई आणि कागद कोणत्या काळातले

जुन्या वस्तूंसाठी ही पायरी सगळ्यात उपयोगी, आणि हिला खर्चही फारसा येत नाही.

बॉलपेन बाजारात सर्रास विकायला आला तो दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीपासून. अमेरिकेतली त्याची धडाक्यातली विक्री १९४५ ची. शार्पी हा मार्कर १९६४ चा. आता एक उदाहरण घ्या. कुणी तुमच्यापुढे १९३२ च्या भारतीय संघाच्या सगळ्या सह्यांचा कागद ठेवला. लॉर्ड्सवर भारताची पहिली कसोटी खेळलेला तो संघ, कर्णधार आपल्या इंदूरचे सी. के. नायडू. सगळ्या सह्या बॉलपेनच्या आहेत. नायडू १९६७ पर्यंत हयात होते, त्यामुळे त्यांची सही नंतर कधीतरी बॉलपेननं घेतलेली असू शकते. पण त्याच संघातले वेगवान गोलंदाज अमरसिंग १९४० मध्येच, तिशीच्या आत वारले. त्यांची बॉलपेनची सही असूच शकत नाही. एका नावानं सगळा कागद निकालात निघतो. म्हणून संघाच्या सह्या बघताना सगळ्यात आधी लवकर गेलेल्या खेळाडूचं नाव शोधायचं.

कागदासाठी अतिनील प्रकाशाची छोटी टॉर्च घ्या, नोटा तपासायला दुकानदार वापरतात तीच. साधारण १९५० नंतरच्या पांढऱ्या कागदात उजळपणा आणणारी रसायनं घालायला लागले. असा कागद या प्रकाशात निळसर लखलखतो, जुना कागद मंद राहतो. आधी घरच्या झेरॉक्सच्या कागदावर टॉर्च मारा, मग शंभराच्या नोटेवर, म्हणजे लखलखणं आणि न लखलखणं यांतला फरक डोळ्यात बसेल. चाळीसच्या दशकातला म्हणून दाखवलेला कागद झेरॉक्ससारखा चमकला तर विषय संपला. चमकला नाही तर मात्र लगेच खरा मानू नका, कारण नक्कल करणारे जुन्या पुस्तकांची कोरी पानं फाडून वापरतात.

खेळाडूच्या सहीचं वय

सहीसुद्धा माणसाबरोबर बदलते. विशीतला खेळाडू पूर्ण नाव लिहितो, प्रत्येक अक्षर लागतं. प्रसिद्धी आली, मैदानाबाहेर शंभर हात पुढे यायला लागले, की तीच सही दोन वळणं आणि एक रेघ इतकी उरते. त्यामुळे पदार्पणाच्या वर्षाचं कार्ड आणि त्यावर कारकिर्दीच्या शेवटच्या काळातली सही असेल, तर कार्ड जुनं आणि सही नवी, हे कळायला हवं. त्यात गैर काही नाही, पण त्याच वर्षी केलेल्या सहीला मागणी जास्त असते.

तुलनेसाठी नमुने जमवताना विकायला ठेवलेल्या सह्यांचे फोटो घेऊ नका. त्यातले निम्मे खोटे असले तर तुमची पारखच खोट्यावर बेतलेली होईल. लिलाव झालेली पत्रं, संस्थांकडच्या नोंदवह्या, ज्यांच्यासमोर सही झाली अशा ओळखीच्यांकडच्या वस्तू, असे तारखेसह नमुने गोळा करा. एका खेळाडूचे आठ-दहा नमुने झाले की डोळा बोलायला लागतो. मी सगळे खेळाडू करायला गेलो नाही. होळकर संघ आणि मध्य प्रदेशचे खेळाडू एवढंच क्षेत्र ठेवलं, म्हणून काही जमलं. नवीन माणसानं एक संघ किंवा एक दशक निवडावं असं मी आग्रहानं सांगेन.

कुणी, कुठे, कधी

सहीबरोबर आलेली हकिगत ही माझ्या मते किमतीचा सगळ्यात मोठा भाग, आणि आपल्याकडे सगळ्यात दुर्लक्षित. हकिगत म्हणजे नुसतं ऐकीव सांगणं नव्हे, तर पडताळून बघता येईल अशी साखळी: सही कुणाला मिळाली, कुठल्या दिवशी, कुठे, मग ती वस्तू कुणाकडे गेली.

एक इंदुरी उदाहरण देतो. डेनिस कॉम्प्टन या इंग्लिश फलंदाजाची सही इथल्या जुन्या वहीत सापडली तर बाहेरचा माणूस चमकेल. पण कॉम्प्टन युद्धकाळात लष्करी सेवेत इंदूरजवळच्या महूला होता, आणि १९४४-४५ च्या रणजी अंतिम सामन्यात होळकर संघाकडून मुंबईविरुद्ध त्यानं नाबाद २४९ धावा केल्या. म्हणजे इंदूरच्या घरात, १९४५ च्या आसपासच्या वहीत, शेजारी होळकरच्या इतर खेळाडूंच्या सह्या असताना ती सही अगदी जागच्या जागी आहे. तीच सही सुट्या चिठ्ठीवर, कुठून आली ते सांगता न येणाऱ्याकडे मिळाली तर तेवढी किंमत येणार नाही, दोन्ही खऱ्या असल्या तरी. वहीतली शेजारची नावं एकमेकांची साक्ष देतात. म्हणून वही फोडून पानं वेगळी विकणाऱ्याचा अखेर तोटाच होतो.

आताच्या सह्यांनाही हेच लागू आहे. ३१ मार्च २००१ ला इथल्या नेहरू स्टेडियमवर सचिन तेंडुलकरनं ऑस्ट्रेलियाविरुद्ध १३९ धावा करताना एकदिवसीय सामन्यांमधल्या १०,००० धावा पूर्ण केल्या. असा टप्पा गाठणारा तो पहिलाच. त्या दिवसाचं तिकीट तुमच्याकडे असेल आणि त्यावर त्याची सही असेल, तर ती सही एखाद्या साध्या फोटोवरच्या सहीपेक्षा कितीतरी वरची. २५ डिसेंबर १९९७ चा भारत आणि श्रीलंका सामना याच मैदानावर धोकादायक खेळपट्टीमुळे तीन षटकांनंतर सोडून द्यावा लागला. त्या दिवशी आम्ही हिरमुसून घरी आलो होतो. आज त्या सामन्याचं तिकीट शोधणारे आहेत.

हकिगतीशिवाय नुसतं प्रमाणपत्र किती तकलादू असतं, हे अमेरिकेतल्या ऑपरेशन बुलपेनमधून दिसलं. नव्वदच्या दशकात तिथल्या केंद्रीय तपास यंत्रणेनं, एफबीआयनं, खोट्या सह्यांचा धंदा करणाऱ्या टोळ्या पकडल्या. त्यांच्या मालाबरोबरही प्रमाणपत्रं होतीच. सापडलेल्या वस्तूंमध्ये मदर तेरेसांच्या नावाची सही असलेले बेसबॉलचे चेंडूसुद्धा होते. कुणी ते छापील कागदाच्या भरवशावर घेतले असतील, या विचारानं आजही वाईट वाटतं.

मग प्रमाणपत्र कुणाचं चालतं? पीएसए, बेकेट, जेएसए या कंपन्यांचं नाव बाजारात मानलं जातं. कार्ड कडक प्लास्टिकच्या बंद खोक्यात असेल, ज्याला स्लॅब म्हणतात, तर त्यावरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून बघा. तिथे फोटो असेल तर तो हातातल्या कार्डाशी जुळवा, कारण स्लॅबही नकली बनतात, खऱ्या क्रमांकासकट.

नाव मोठं आणि सही दुर्मिळ, या दोन वेगळ्या गोष्टी

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. डॉन ब्रॅडमन यांच्याहून मोठा फलंदाज दाखवणं कठीण, पण ते ९२ वर्षांचं आयुष्य जगले आणि चाहत्यांच्या पत्रांना उत्तरं देत, सह्या करत राहिले. त्यामुळे त्यांच्या सह्या जगात भरपूर आहेत. अमरसिंग यांचं नाव आज त्या मानानं कमी घेतलं जातं, पण त्यांची सही शोधायला बसलात तर वर्षं जातील. मुश्ताक अली २००५ पर्यंत इंदूरमध्येच होते. परदेशात कसोटी शतक करणारे ते पहिले भारतीय, १९३६ मध्ये मँचेस्टरला. तरी इथे त्यांची सही मिळणं तुलनेनं सोपं, कारण नव्वदी गाठेपर्यंत ते याच शहरात राहिले.

दुर्मिळ असून मागणी नसेल तरी किंमत येत नाही. त्या सहीसाठी निदान दोन माणसं एकमेकांशी चढाओढ करणारी लागतात. होळकर संघाच्या सह्यांचे खरे गिऱ्हाईक इंदूर, पुणे, मुंबईतले जुने जाणकार आणि काही इंग्लंडमधले. जोड्यांना मात्र वेगळी मागणी असते. १९४६ मध्ये ओव्हलवर सरे संघाविरुद्ध आपले चंदू सरवटे आणि शूट बॅनर्जी यांनी शेवटच्या गड्यासाठी २४९ धावा जोडल्या, दोघांचीही शतकं झाली. या दोघांच्या सह्या एकाच कागदावर असतील तर त्यांची किंमत दोन सुट्या सह्यांच्या बेरजेपेक्षा बरीच जास्त.

नव्या खेळाडूंमध्ये पदार्पणाच्या हंगामाचं कार्ड, ज्याला सगळे रुकी कार्ड म्हणतात, त्याला मान असतो. रजत पाटीदारच्या नेतृत्वाखाली बंगळुरूनं २०२५ ची आयपीएल जिंकल्यावर त्याच्या सुरुवातीच्या वस्तू लोक शोधायला लागले. हे आधी ओळखायचं तर रणजीचे सामने बघावे लागतात, हंगाम सुरू असताना सकाळी स्टेडियमवर जाऊन बसावं लागतं. माझं आणखी एक ठाम मत आहे: महिला क्रिकेटपटूंच्या सह्या आज फार कमी लोक जमवतात. २०२५ च्या महिला विश्वचषकाचे काही सामने आपल्या होळकर स्टेडियमवर झाले आणि तो विश्वचषक भारतानं जिंकला. त्या सामन्यांची सही केलेली तिकिटं ज्यांच्याकडे आहेत त्यांनी ती जपावी.

कार्डाची संख्या आणि अवस्था

कार्डावर २५/९९ असं छापलेलं असेल तर एकूण ९९ पैकी हे पंचविसावं. एकूण आकडा जितका लहान तितकी किंमत चढी, आणि १/१ म्हणजे जगात एकच. सगळे गुण एका कार्डात आले की काय होतं, ते बास्केटबॉलमध्ये दिसतं. लेब्रॉन जेम्सचं २००३-०४ च्या पदार्पणाच्या हंगामातलं कार्ड, थेट कार्डावर सही, जर्सीचा तुकडा, आणि फक्त २३ प्रती. २०२१ मध्ये त्यातलं एक ५२ लाख डॉलरला विकलं गेलं. मायकेल जॉर्डन आणि कोबी ब्रायंट या दोघांच्या सह्यांचं एकमेव कार्ड ऑगस्ट २०२५ मध्ये जवळपास १ कोटी २९ लाख डॉलरला गेलं. हे आकडे आपल्या घरच्या कार्डाला लावू नका, फक्त कशाला पैसे मोजले गेले ते समजून घ्या.

अवस्थेला १ ते १० गुण देतात, याला ग्रेडिंग म्हणतात. चार कोपरे, चार कडा, पृष्ठभाग, आणि चित्र मधोमध छापलं आहे की नाही, हे बघतात. सहीला वेगळे गुण: रेघ ठळक आहे का, पुसली आहे का, फिकी पडली आहे का. "प्रिय राहुलला शुभेच्छा" असं नावानिशी लिहिलेलं असेल तर बाजारभाव सहसा कमी होतो. पण ते तुमच्याच मुलाचं नाव असेल तर बाजाराचा विचार कशाला करायचा! उलट खेळाडूनं स्वतः काही आकडा किंवा तारीख लिहिली असेल तर भाव वाढतो. सेहवागनं ८ डिसेंबर २०११ ला होळकर स्टेडियमवर वेस्ट इंडिजविरुद्ध २१९ धावा केल्या. त्याच्या सहीखाली त्याच्याच हातचं "२१९" असेल तर इंदूरच्या माणसाला ते सोडवणार नाही.

फिकी सही गिरवू नका, वाकडी कड कात्रीनं सारखी करू नका, डाग खोडरबरानं घासू नका. या तिन्ही गोष्टी भिंगाखाली दिसतात, आणि दिसल्या की कार्डाचे गुण कायमचे गेले.

किंमत काढताना

विकायला ठेवलेल्या किमती बघू नका, विकल्या गेलेल्या बघा. मागायला कुणी लाखही मागेल. लिलावांच्या आणि विक्रीच्या संकेतस्थळांवर झालेले व्यवहार वेगळे बघता येतात. तोच खेळाडू, तोच प्रकार, तशीच अवस्था असलेले गेल्या वर्षभरातले तीन-चार व्यवहार मिळाले तर अंदाज येतो. त्यातून संकेतस्थळाचं कमिशन, टपाल, विमा वजा करा. परदेशातून घेत असाल तर कस्टम ड्यूटी आधीच विचारून घ्या. ग्रेडिंगसाठी कार्ड परदेशी पाठवण्याचा खर्च कार्डाच्या किमतीच्या पाव भागाहून जास्त होत असेल तर मी पाठवत नाही.

स्वतः सही घेताना

सराव चालू असताना हाक मारू नका, सराव संपून खेळाडू परतत असतो तेव्हा थांबा. एकच कार्ड पुढे करा. दहा कार्डांची गड्डी दिसली की खेळाडू समजून जातो की ती विकायला आहेत, आणि मागे उभ्या मुलांचाही चान्स जातो. बारीक टोकाचा कायमस्वरूपी मार्कर न्या, चकचकीत कार्डावर निळा उठून दिसतो. गुळगुळीत कार्डावर शाई थेंबाथेंबानं तुटते, म्हणून आदल्या रात्री मऊ कापडावर चिमूटभर बेबी पावडर घेऊन सहीची जागा हलकेच पुसून ठेवा, आधी एखाद्या साध्या कार्डावर करून बघा. सही झाल्यावर दहा मिनिटं कार्ड पाकिटात घालू नका.

आणि त्याच दिवशी, घरी पोहोचल्यावर, वेगळ्या कागदावर लिहा: तारीख, ठिकाण, कुठलं फाटक, कुठला सामना, कोणतं पेन, सोबत कोण होतं. तिकीट त्याच पाकिटात ठेवा. खेळाडू सही करतानाचा फोटो असेल तर तो छापून ठेवा, फोनमधले फोटो फोनबरोबर जातात.

पावसाळ्याआधी

इंदुरात मे महिन्यात कागद कडकडीत होतो आणि जुलैत ओला. हा चढउतारच सगळ्यात घातक. कार्ड आधी मऊ पातळ पाकिटात, मग कडक प्लास्टिकच्या खोळीत, म्हणजे टॉपलोडरमध्ये. पाकीट पीव्हीसीचं नसावं, त्यातून निघणारा चिकटपणा शाई ओढतो. डबा कपाटाच्या मधल्या कप्प्यात, बाहेरच्या भिंतीला लागून नाही. आत सिलिका जेलच्या पुड्या, दर पावसाळ्यात नव्या. डांबरगोळ्या आणि कापूर अजिबात नको. फ्रेम करायची हौस असेल तर चांगल्या फोटोची करा, मूळ कार्ड अंधारात राहू दे. सूर्यप्रकाशात मार्करची काळी सही आधी तपकिरी होते, मग जाते.

जुनी वही असेल तर पानांच्या मध्ये आम्लविरहित कागद घाला. आणि घरातल्या ज्येष्ठांना विचारा, लगेच विचारा. माझ्या आत्याचं वय आता ८६ आहे. आजोबा सामन्याहून परतले की वही सगळ्यात आधी तिच्या हातात द्यायचे. लॅमिनेशनखाली गेलेली ती दोन नावं तिला कदाचित आठवतील. तिला बारीक दिसत नाही, म्हणून पानाचा फोटो मोठ्या कागदावर छापून घेतला आहे. रविवारी सकाळी पोहे-जलेबी बांधून घेऊन तिच्याकडे जातो आहे, सोबत कोरा कागद आणि शिसपेन्सिल.